लघु, गुरु आणि अण्णांची वही

(मंडळाच्या मासिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘संस्कृत वृत्ते’ या विषयावर बोलायला मंडळाने मला उभे केले आहे, तेव्हा आधीच एक कबुली देतो. मी संस्कृतचा पदवीधर नाही. माझे शिक्षण सिव्हिल इंजिनियरिंगच्या डिप्लोमापर्यंत. गेली बावीस वर्षे मी गुजरात सरकारच्या मार्ग-मकान खात्यात नोकरी करतो. रस्ता किती मीटर झाला, स्लॅबची जाडी किती भरली, हे मोजायचे आणि मेजरमेंट बुकात लिहायचे, हे माझे रोजचे काम. आपल्यापैकी काहींना वाटेल की या माणसाचा आणि वृत्तांचा संबंध काय? मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण वृत्त हेसुद्धा मोजमापच आहे. ते मला कसे कळले, आणि त्यामुळे आमच्या घरातली एक मोठी गाठ कशी सुटली, तेवढेच आज सांगणार आहे. घरची गोष्ट आईची परवानगी घेऊन सांगतो आहे. ती इथे दुसऱ्या रांगेत बसली आहे.

सुरुवात आपल्या देवघरापासून करू. इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना रामरक्षा पाठ असेल. रामरक्षा सुरू होताना आपण ऋषीचे नाव घेतो, देवतेचे नाव घेतो आणि मध्ये छंदाचेही नाव घेतो. तो छंद अनुष्टुप. गणपतीच्या दिवसांत आपण अथर्वशीर्षाची आवर्तने करतो. त्यातही गणक ऋषी आणि निचृद्गायत्री छंद असा उल्लेख येतो. हजार वेळा म्हटलेले हे शब्द आपण घाईत ओलांडून जातो. मीही जात होतो. ऋषी म्हणजे हे कोणाला सुचले, देवता म्हणजे हे कोणाला उद्देशून आहे, आणि छंद म्हणजे हे कोणत्या मापात बसवले आहे. आमच्या खात्यात प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात कोणी काढला, कशासाठी काढला आणि स्केल काय, हे लिहावेच लागते. त्याशिवाय तो नकाशा कोणी हातात धरत नाही. आपल्या पूर्वजांनी मंत्राला तीच शिस्त लावली होती.

आणि हे माप किती काटेकोर असावे? वैदिक गायत्री छंदात आठ-आठ अक्षरांचे तीन चरण, म्हणजे एकूण चोवीस अक्षरे. एखाद्या मंत्रात त्यातले एक अक्षर कमी भरले तर त्याला ‘निचृत्’ म्हणतात. एक जास्त भरले तर ‘भुरिक्’. आपण ज्याला गायत्री मंत्र म्हणतो, त्याच्या पहिल्या चरणात मोजून सातच अक्षरे भरतात, म्हणून तो निचृत्. त्यातल्या ‘वरेण्यं’ या शब्दाचा उच्चार ‘वरेणियं’ असा केला की अक्षरे आठ होतात, असेही जाणकार सांगतात. एका अक्षराच्या कमी-जास्तीलासुद्धा ज्यांनी स्वतंत्र नाव दिले, त्यांच्या मोजणीपुढे आमची मेजरमेंट बुके काहीच नाहीत. हे ‘भुरिक्’ लक्षात ठेवा, पुढे ते कामाला येणार आहे.

आता मोजायचे कसे, ते पाहू. सगळे शास्त्र दोन मापांवर उभे आहे: लघु आणि गुरु. ज्या अक्षरात ऱ्हस्व स्वर आहे ते लघु, म्हणजे एक मात्रा. ज्यात दीर्घ स्वर आहे ते गुरु, म्हणजे दोन मात्रा. ए, ऐ, ओ, औ हे दीर्घच. अक्षरावर अनुस्वार असेल किंवा पुढे विसर्ग असेल, तर ते गुरु. एखाद्या ऱ्हस्व अक्षराच्या पुढे जोडाक्षर आले, तर त्याच्यावर जोर पडतो आणि तेही गुरु होते. चरणाच्या शेवटचे अक्षर लघु असले तरी गरज पडल्यास गुरु मानतात, कारण तिथे आपण थांबतो. झाले एवढेच नियम.

अशी तीन-तीन अक्षरे एकत्र घेतली की त्याला ‘गण’ म्हणतात. प्रत्येक जागी लघु किंवा गुरु, अशा दोनच शक्यता. तीन जागा. दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणून गण आठ. शाळेत आपण ‘यमाताराजभानसलगम्’ हे सूत्र पाठ केले होते. ते आठवत नसेल तर हरकत नाही, आपल्या गणपतीच्या तयारीतच आठही गण आहेत. सुपारी हा य गण: लघु, गुरु, गुरु. रांगोळी हा म गण: तिन्ही गुरु. नैवेद्य हा त गण: गुरु, गुरु, लघु. आरती हा र गण: गुरु, लघु, गुरु. गणेश हा ज गण: लघु, गुरु, लघु. मोदक हा भ गण: गुरु, लघु, लघु. मखर हा न गण: तिन्ही लघु. आणि समई हा स गण: लघु, लघु, गुरु. पूजेच्या यादीतल्या या आठ शब्दांत संस्कृतातले सगळे अक्षरगण बसले. घरी जाऊन मुलांना हे आठ शब्द टाळ्या वाजवत म्हणायला लावा. लघुला बोटाने टिचकी, गुरूला पूर्ण टाळी. पाच मिनिटांत मुलांना गण समजतात, हे मी अनुभवाने सांगतो.

या मोजणीतून आपल्याकडे केवढे गणित निघाले, हेही सांगायला हवे. पिंगलाने छंदःशास्त्रात लघु-गुरूंच्या सगळ्या शक्य मांडण्या क्रमाने लिहून काढण्याची रीत दिली. तिला प्रस्तार म्हणतात. पुढे मात्रांचा प्रश्न आला. एक मात्रेचा लघु आणि दोन मात्रांचा गुरु वापरून अमुक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? आमच्या भाषेत सांगायचे तर अर्धी वीट आणि अख्खी वीट वापरून एवढ्या लांबीचा थर किती तऱ्हांनी लावता येईल? एक मात्रेला एक प्रकार, दोनला दोन, तीनला तीन, चारला पाच, पाचला आठ, सहाला तेरा. प्रत्येक आकडा आधीच्या दोन आकड्यांची बेरीज. हा नियम विरहांकाने सांगितला आणि इ.स. 1150च्या सुमारास हेमचंद्राचार्यांनीही मांडला. हेमचंद्राचार्य म्हणजे पाटणचे, आपल्या गुजरातचे. याच आकड्यांना आज जग फिबोनाची श्रेणी म्हणते. फिबोनाचीचे पुस्तक 1202 सालचे. म्हणजे पन्नास वर्षे आधी पाटणमध्ये कवितेच्या मात्रा मोजताना ते गणित मांडून झाले होते.

आता काही वृत्तांची ओळख. अनुष्टुप सर्वांत साधा आणि सर्वांत मोठा संसार सांभाळणारा. आठ अक्षरांचे चार चरण, बत्तीस अक्षरे. त्यात सगळी अक्षरे बांधलेली नाहीत. साधारण नियम असा की प्रत्येक चरणात पाचवे अक्षर लघु, सहावे गुरु, आणि सातवे पहिल्या-तिसऱ्या चरणात गुरु, तर दुसऱ्या-चौथ्या चरणात लघु. बाकी जागा मोकळ्या. म्हणून गोष्ट सांगायला तो सोयीचा पडतो. वाल्मीकी रामायण बहुतांश याच छंदात आहे. गीतेचे बहुतेक श्लोक, रामरक्षेचा मोठा भाग आणि समर्थांचे भीमरूपी स्तोत्रही यातलेच.

याच्या उलट ज्यात प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली, ती अक्षरगणवृत्ते. कालिदासाचे मेघदूत पहिल्या श्लोकापासून शेवटपर्यंत मंदाक्रांता या एकाच वृत्तात आहे. चरणात सतरा अक्षरे. आधी चार गुरु, मग थांबा. मग पाच लघु धावत येतात आणि एका गुरूवर टेकतात, पुन्हा थांबा. मग उरलेली सात अक्षरे हेलकावे घेत संपतात. मेघ आधी जड पावलांनी निघतो, वारा लागला की पळतो आणि पुढे तरंगत जातो, अशी ही चाल आहे. नावच मंदाक्रांता, म्हणजे हळू पावले टाकणारी. अर्थ कळायच्या आधी कानाला चाल कळते.

लग्नात आपण अक्षता हातात घेऊन ज्या मंगलाष्टकांची वाट पाहत उभे असतो, त्यातली बहुतेक शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. एकोणीस अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती. यती म्हणजे श्वास घेण्याची ठरलेली जागा. पुढच्या लग्नात भटजींकडे लक्ष द्या. ते बाराव्या अक्षरावर श्वास घेतील आणि उरलेली सात अक्षरे एका दमात म्हणतील. मामा मुलीला घेऊन उभा आहे, सनई थांबली आहे, आणि तेव्हासुद्धा माप चुकत नाही.

ही वृत्ते संस्कृतातून मराठीत आली आणि इथलीच झाली. समर्थांचे मनाचे श्लोक, एकूण 205, हे सगळे भुजंगप्रयातात. मोरोपंतांची केकावली पृथ्वी वृत्तात. वामनपंडितांचे श्लोक तर सर्वांच्या परिचयाचे. पण मराठीत आल्यावर एक बदल झाला, तो मला फार आवडतो. संस्कृतात जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरु होते. मराठीत मात्र आपला उच्चार पाहावा लागतो. ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर जोर पडतो का? नाही. म्हणून ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघुच राहतो. शास्त्र संस्कृताचे, पण शेवटचा शब्द आपल्या जिभेचा.

बडोद्यात बसून हा विषय बोलताना आणखी दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. मराठीतल्या वृत्तांचा आणि छंदांचा सर्वांत मोठा अभ्यास ज्यांनी केला, ते माधव ज्यूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, यांचा जन्म 1894 साली आपल्या बडोद्यातच झाला. त्यांचे ‘छंदोरचना’ हे पुस्तक 1927 साली आले, दहा वर्षांनी त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली, आणि 1938मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यासाठी त्यांना डी.लिट. दिली. चंद्रशेखर आणि त्यांच्यानंतर यशवंत हे तर या संस्थानचे राजकवी. दुसरी गोष्ट आपल्या प्राच्यविद्या मंदिराची. वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती तिथे तयार झाली, सात कांडे, 1975 साली काम पुरे झाले. वेगवेगळ्या प्रांतांतल्या जुन्या पोथ्या समोर ठेवायच्या आणि कुठला पाठ खरा, ते ठरवायचे. शेकडो वर्षे हाताने नकला करताना अक्षरे गळतात, शब्द बदलतात. अशा वेळी विद्वानांच्या हातात जी साधने असतात, त्यातले एक वृत्त. एखादा शब्द मापात बसत नसेल तर संशय घ्यायला जागा असते. गवंडी भिंतीला ओळंबा लावतो ना, तसे. ओळंबा भिंत बांधत नाही. पण ती कुठे कलली, ते सांगतो.

हे वाक्य मी पूर्वी नुसते ऐकले असते आणि विसरलो असतो. पण गेल्या वर्षी तो ओळंबा आमच्या घरात लावावा लागला. आता ती गोष्ट सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, रेल्वेत कारकून होते. कवी वगैरे नव्हते. पण दर वर्षी घरच्या गणपतीसाठी ते एक नवा श्लोक रचायचे आणि एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवायचे. नेहमी भुजंगप्रयातात, कारण मनाचे श्लोक त्यांच्या रक्तात होते. चार वेळा य गण, म्हणजे चार वेळा सुपारी: लघु-गुरु-गुरु, लघु-गुरु-गुरु, असे बारा अक्षरांचे माप. माझ्या मुलीला त्यांनी मनाचे श्लोक झोपाळ्यावर बसवून शिकवले. पाय जमिनीला लागला की लघु, झोका पुढे गेला की गुरु, मागे आला की गुरु. मुलगी गुजराती बोलत शाळेतून यायची आणि झोपाळ्यावर बसली की मराठी व्हायची.

अण्णा जानेवारी 2024मध्ये गेले. माझा धाकटा भाऊ अकरा वर्षांपासून कॅनडात आहे. त्याला विमान मिळून तो पोहोचेपर्यंत चौथा दिवस उजाडला होता. त्याला शेवटचे दर्शन झाले नाही. त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीला पूर आला, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर कमरेइतके पाणी होते. खालच्या कपाटातली वही दोन दिवस पाण्यात राहिली. अण्णा शाईच्या पेनाने लिहायचे. पाने वाळवली तेव्हा अर्धी शाई वाहून गेली होती. त्यांचा शेवटचा श्लोक, 2023च्या गणपतीचा, त्यातही मधले शब्द निळा डाग झाले होते.

वर्षश्राद्धाला भाऊ व्हिडिओ कॉलवर होता. आई म्हणाली, वही गेली तर गेली, मला तो श्लोक पाठ आहे. आणि तिने म्हटला:

तुझ्या पावलांनी उजाळा घराला
जमे गोत सारे तुझ्या आरतीला
मुले सोडून गेली तरी हाक यावी
मराठीच ओठी तयांच्या रहावी

सगळे गप्प झाले. स्क्रीनवर भावाचा चेहरा उतरलेला दिसला. तो एवढेच म्हणाला, “अण्णांनी असं लिहिलं होतं?” आणि थोड्या वेळाने काहीतरी कारण सांगून त्याने फोन ठेवला. मुले सोडून गेली. अण्णा त्याला कधी रागावले नव्हते, जाऊ नको म्हणाले नव्हते. पण मनात हे होते आणि ते देवापुढे लिहून ठेवले, असे त्याला वाटले. पुढचे पंधरा दिवस त्याचे फोन यायचे, पण दोन मिनिटांत संपायचे.

एके रात्री जेवणे झाल्यावर मुलगी, तेव्हा ती आठवीत होती, झोपाळ्यावर बसून तोच श्लोक पुटपुटत होती. तिसऱ्या ओळीला झोका अडखळायचा. ती मला म्हणाली, “बाबा, आजी म्हणते ती ओळ झोक्यात बसत नाही. एक अक्षर जास्त आहे.”

मी हसण्यावारी नेले. मग वाटले, मोजून तर पाहू. कागद घेतला. पहिली ओळ: तुझ्या पा, वलांनी, उजाळा, घराला. चार सुपाऱ्या, बारा अक्षरे, तंतोतंत. दुसरी ओळ: जमे गो, त सारे, तुझ्या आ, रतीला. बारा. चौथी: मराठी, च ओठी, तयांच्या, रहावी. बारा. आणि आईने म्हटलेली तिसरी: मु, ले, सो, डू, न, गे, ली, त, री, हा, क, या, वी. तेरा! वैदिक मंत्र असता तर भुरिक् म्हटले असते. शिवाय चौथी जागा लघूची, तिथे ‘डू’ गुरु आला होता.

अण्णा मोठे कवी नसतील, पण माप चुकवणारे नव्हते. वहीतले एकही अक्षर मी मोजून चुकलेले पाहिलेले नाही. म्हणजे ‘सोडून’ हा शब्द तिथे असूच शकत नव्हता. ‘मुले’ आणि ‘गेली’ यांच्या मध्ये दोनच अक्षरांची जागा होती. पहिले गुरु, दुसरे लघु. मी आणि मुलीने शब्द लावून पाहिले. ‘निघून’ बसत नाही, तीन अक्षरे. ‘लांब’ बसतो. ‘दूर’ बसतो. वृत्त इथपर्यंतच सांगते. काय असू शकत नाही, ते ठामपणे सांगते. काय आहे, ते आपल्याला शोधावे लागते. म्हणून सकाळी वहीचे ते पान खिडकीच्या उन्हात धरले. डागाच्या शेवटी, ‘गेली’च्या अगोदर, ‘र’ दिसत होता. अण्णांचा ‘र’, खालचा पाय लांब ओढलेला.

मुले दूर गेली तरी हाक यावी.

दूर गेली. सोडून गेली नाही. आता जोडून म्हणून पाहा: मुले दू, र गेली, तरी हा, क यावी. झोका कुठेही अडत नाही.

मी भावाला फोन लावला. तिकडे रात्र होती. त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, “पुन्हा मोज.” मी पुन्हा मोजले. मग म्हणाला, “थांब, मी मोजतो.” आणि फोनवर तो स्वतः, बोटे टेकवत, एकेक अक्षर म्हणू लागला. लहानपणी त्याच झोपाळ्यावर अण्णांनी त्यालाही शिकवले होते. बारा म्हणाला आणि नंतर बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “आईला दे.”

आईला मी घाबरत घाबरतच सांगितले होते, तिला वाईट वाटेल म्हणून. ती म्हणाली, “ते ‘सोडून’ माझ्याच मनातलं होतं रे. त्यांचं नव्हतं.”

बंधू-भगिनींनो, मला वृत्तांचे महत्त्व त्या दिवशी कळले. माणूस गेला, वही भिजली, शाई वाहून गेली, आठवणीत आपले दुःख मिसळले. तरीही त्याच्या ओळीचे माप शिल्लक होते, आणि त्या मापाने त्याचा शब्द आम्हाला परत दिला. आमच्या घरात दोन अक्षरांपुरते जे घडले, तेच वेदांच्या, रामायणाच्या, स्तोत्रांच्या बाबतीत शेकडो वर्षे घडत आले. लिहिलेले नष्ट होऊ शकते, हे ज्यांना ठाऊक होते, त्यांनी ते मापात बांधून कानाच्या हवाली केले.

म्हणूनच शेवटी मंडळापुढे दोन लहानशा सूचना ठेवतो. आपण दर वर्षी मुलांची पाठांतर स्पर्धा घेतो. गेली काही वर्षे बरीच मुले स्तोत्रे मोबाइलवरून, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली वाचून पाठ करतात. त्या अक्षरांत ‘मन’ आणि ‘मान’ एकसारखेच लिहिले जातात. लघु-गुरु तिथेच हरवतात. आपली मुले दिवसभर गुजराती बोलतात, ती गोड भाषा आहे आणि आपलीही आहे, पण बोलण्यात तिथे ऱ्हस्व-दीर्घ इ-उ वेगळे ऐकू येत नाहीत. खरे सांगायचे तर आपल्याही बोलण्यात ते आता पातळ झाले आहेत. म्हणून पहिली सूचना अशी की स्पर्धेचा मजकूर मंडळाने देवनागरीत, मोठ्या टायपात छापून द्यावा आणि यतीच्या जागी बारीक रेघ द्यावी. छपाईचा यंदाचा खर्च मी देईन.

दुसरी सूचना परीक्षकांसाठी. किती श्लोक म्हटले याबरोबरच चाल किती सांभाळली यालाही गुण ठेवावेत. मुलाने सगळे दोनशे पाच म्हणायची गरज नाही. पाचच म्हणावेत, पण टाळी देऊन, झोक्यात म्हणावेत. अर्थ त्याला आज कळणार नाही. चाळिशीत कळेल, मलाही तेव्हाच कळला. पण चाल आज बसली नाही, तर चाळिशीत मोजायला काहीच राहणार नाही.

या वर्षीच्या घरच्या गणपतीला श्लोक कोण रचणार, असा प्रश्न आमच्याकडे आला आहे. मुलीने एक ओळ केली आहे. मी मोजली, अकरा अक्षरे भरली. ती म्हणाली, “बाबा, अजून चतुर्थीला वेळ आहे.”